मनगटाएवढा खांब

लोक विचारतात, तुम्ही नक्की करता तरी काय? मग मी बॅगेतून प्लॅस्टिकची फूटपट्टी काढतो. टेबलावर उभी धरून वरून दाबली की ती मध्ये फुगते, आणखी दाबली की सटकन निसटते. मग समोरच्याला म्हणतो, आता ती फुगायला लागली की तुम्ही बोटानं हलकेच उलटीकडून ढकला. तीच पट्टी मग कितीतरी जास्त दाब सोसते. बोटाला जोर लागत नाही, नुसतं लक्ष लागतं. ते बोट मी बनवतो, एवढाच माझा धंदा.

माझं बोट म्हणजे पिझोच्या चकत्या. गॅसचा लायटर सगळ्यांच्या घरात असतो. खटका दाबला की आतल्या खड्यावर टोला बसतो आणि ठिणगी उडते. दाबलं की वीज येते. त्याच खड्याला आपण वीज दिली, तर तो स्वतः ताणला जातो किंवा आक्रसतो, अगदी केसभर. अशा चकत्या खांबाच्या अंगावर चिकटवायच्या. काही चकत्या खांब कुठं वाकतोय ते सांगतात, काही त्याला उलटीकडे रेटतात, आणि मध्ये एक डबा बसून हिशेब करतो. बाहेरून बघणाऱ्याला नुसता सरळ खांब दिसतो. बायको म्हणते, तुझं काम म्हणजे काही न घडल्याबद्दल शाबासकी मागायची. तिचं चूक नाही.

हे आधी सांगतोय कारण मी भुताखेतांतला माणूस नाही. माझ्यासमोर कुणी अंगात आल्याच्या गोष्टी सांगायला लागलं की माझं डोकं उठतं. पण झालं ते झालं, आणि मला ते अजून कळलेलं नाही.

माझी थोरली बहीण पाळणाघर चालवते. एका जुन्या इमारतीचा तळमजला, एकच मोठं दालन, वर एका पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरचा कारखाना. दालनाच्या बरोबर मधोमध विटांचा एक अगडबंब खांब होता. त्याच्यामागे एक पोरगा पडला, कपाळ फुटलं, आणि बराच वेळ कुणाला दिसलंच नाही. टाके पडले. ताईनं त्याच संध्याकाळी मला फोन केला. "एवढी यंत्रं करतोस जगासाठी, माझ्या डोळ्यांपुढचा हा धोंडा हलवता येतो का बघ. मला एका जागी बसून सगळी पोरं दिसली पाहिजेत."

मी हलवला. मिस्त्रीनं भोवती लोखंडी टेकू लावले, विटांचा खांब काढला, आणि मी तिथं माझ्या मनगटाएवढी पोलादी नळी उभी केली, चकत्यांसकट. एवढ्या बारीक नळीनं वरचा भार पेलणं शक्यच नव्हतं. चकत्यांमुळे शक्य होतं. वायरिंग दाजींनी केलं. दाजी म्हणजे ताईचे यजमान. जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करतात, आणि दुसऱ्या कुणाला वायरीला हात लावू देत नाहीत. वर सायीच्या रंगाचा हात मारला, आणि टेकू तसेच ठेवून बरेच दिवस चाचणी घेतली. स्क्रीनवरची रेघ सरळच्या सरळ. मग टेकू काढले. आम्ही सगळे बाहेर रस्त्यावर उभे होतो. काहीच झालं नाही. दाजींनी टाळ्या वाजवल्या, बाइंडरनं आपले कागदाचे गठ्ठे परत वर चढवले, आणि ताईला एकदम सगळी पोरं दिसायला लागली.

त्या संध्याकाळी दाजी जरा पडतो म्हणून आडवे झाले, ते धड उठलेच नाहीत.

पहिले काही दिवस आम्ही थट्टा केली. नंतर थट्टा बंद झाली. रक्त तपासलं, हृदय तपासलं, छातीचे फोटो काढले, सगळं ठणठणीत. डॉक्टरनं त्यांचे खांदे चाचपले आणि विचारलं, "तुम्ही हमाली करता का?"

मी भेटायला गेलो तेव्हा ते पलंगावर भिंतीला पाठ लावून बसले होते. चेहरा अर्धा झाला होता.

"काय हो दाजी, झोपून झोपून दमलात?"

"अरे शास्त्रज्ञा, खरंच तसंच आहे. डोळा लागला की कुणीतरी येऊन अख्खी भिंत माझ्या अंगावर टेकवतं. 'जरा धरा हं, आलोच' म्हणतं आणि जातं. येतच नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. पाण्याचं भांडं द्यायला गेलो तर त्यांचा तळवा हाताला लागला. चामड्यासारखा निबर झाला होता, आणि नखांच्या कडांना काहीतरी फिकट अडकलं होतं.

"रंगकाम केलंत की काय?"

"पंख्याचं बटण दाबायचा जीव नाही माझ्यात. कसलं रंगकाम घेऊन बसलास?"

माझी मुलगी याच पाळणाघरात जायची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी कधी ठरतच नाही. एकदा तिला आणायला गेलो तर पोरांची आगगाडी चालली होती, एकमेकांचे सदरे धरून खांबाभोवती. दाराच्या बाजूनं पोरं खांबाला घासून जायची. खिडकीच्या बाजूला आली की सगळी रांग लांबून वळसा घालायची. तिथं काही नव्हतं. नुसती फरशी, उन्हाचा एक पट्टा.

"अगं, एवढा फेरा कशाला?" मी विचारलं.

"पाय लागेल ना," भिंगरी म्हणाली.

"कुणाला?"

मी काहीतरी बावळट विचारल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पळाली.

मी खांबाजवळ गेलो. खिडकीच्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, रंग उडाला होता. एकावर एक असे दोन पट्टे, आतलं पोलाद उघडं पडून घासून घासून चकाकत होतं. मी हात लावला तेव्हा ते कोमट लागलं.

"ताई, हे काय गं?"

"पोरं घासतात रे दिवसभर."

"इतकी उंच पोरं?"

"मग त्यांच्या आया टेकत असतील. तू काय आता रंगावरून माझी उलटतपासणी घेणार आहेस?" ताईला दाजींच्या काळजीनं झोप नव्हती, तिला छेडण्यात अर्थ नव्हता. ऊन पडत असेल, म्हणून कोमट. एवढं साधं.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. दुसऱ्याच दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन गेलो. पोरं ओळीनं झोपली होती, पंखे फिरत होते, वर बाइंडरचा कटर मधूनमधून खाली यायचा आणि दणका बसायचा. मी डब्याला वायर जोडली. स्क्रीनवर दोन रेघा येतात. एक सांगते, खांब कुठं वाकतोय. दुसरी सांगते, चकत्या कुठं रेटतायत. दोन्ही एकमेकींच्या उलट जायला हव्यात, तेच तर सगळं इंगित आहे. मी बोटानं खांबाला हलकी टिचकी मारली.

दोन्ही रेघा एकाच बाजूला गेल्या.

परत टिचकी मारली. परत तेच. डबा उघडला. दाजींचं काम नेहमीसारखं देखणं, प्रत्येक जोड टेपनं नीट गुंडाळलेला, आणि लाल-काळी वायर उलटी. अधिकाच्या जागी उणे. म्हणजे टेकू काढल्या दिवसापासून खांब वाकायला लागला की माझ्या चकत्या त्याला सावरत नव्हत्या. त्याच बाजूला आणखी ढकलत होत्या. चाचणीत हे कळलं नाही, कारण टेकू होते, रेघ सरळ होती, आणि सरळ रेघेवर कोण कशाला संशय घेतो?

असा खांब टेकू निघाल्यावर क्षणभरही उभा राहू शकत नाही. मी मनात आकडे मांडले, पुसले, परत मांडले. दर वेळी उत्तर एकच. तो पडायला हवा होता. तो उभा होता. चकत्या खिडकीकडे ढकलत होत्या, आणि खिडकीच्या बाजूनं काहीतरी त्याला चोवीस तास तितक्याच जोरानं परत रेटत होतं.

समोर पोरं झोपली होती.

"ताई, सगळ्यांना मागच्या व्हरांड्यात ने. आत्ता. आवाज न करता."

"झोपलीत रे आत्ताच, कशीबशी..."

"ताई!"

माझं तोंड बघून ती पुढं बोलली नाही. आम्ही दोघांनी एकेक पोर उचलून मागे नेलं. वर जाऊन बाइंडरला त्याच्या माणसांसकट खाली आणलं. मग मी एकटा आत आलो. वायरींना हात न लावता लॅपटॉपवरच चिन्ह बदलता येतं, एक उणे टाकायचं. बोट त्या कळीवर होतं आणि दाबवेना. आजवर जे काही तिकडून रेटत होतं, त्याला माझं चिन्ह बदलल्याचं कोण सांगणार? हा विचार माझ्यासारख्या माणसाला यावा, याचाच मला राग आला. मी कळ दाबली.

खांबातून एकच आवाज आला, बोटं मोडल्यासारखा. मग काही नाही. टिचकी मारली, रेघा एकमेकींच्या उलट गेल्या. शहाण्या पोरींसारख्या.

व्हरांड्यात ताईचा फोन वाजला. दाजींचा होता. "अगं, मी उठलोय. स्वयंपाकघरात उभा आहे. खायला काय आहे घरात?"

ताई तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. मी खांबाकडे बघत राहिलो. योगायोग, मी स्वतःशी म्हणालो. जीव भांड्यात पडला होता, मग नावं कशाला ठेवायची? तरी खबरदारी म्हणून मिस्त्रीला फोन केला, परत टेकू लाव म्हटलं. "आलोच साहेब," तो म्हणाला. मिस्त्रीचं 'आलोच' सगळ्यांना माहीत असतं. ताईनं पोरं आत आणली. "आता बरोबर केलंस ना? मग झालं तर." हिशेबानं तीच खरी होती.

दाजी झपाट्यानं सुधारले. ओरपायला लागले, भांडायला लागले, माझ्या रिमोटच्या बॅटऱ्या मला न विचारता बदलायला लागले. मी ताईला वायरींचं सांगितलं आणि वर बजावलंही, दाजींना बोलू नकोस, मनाला लावून घेतील. ती माझी बहीण आहे. तिच्या पोटात काही राहत नाही.

मिस्त्री आला नव्हता. आणि भिंगरी थकायला लागली.

आधी वाटलं, खेळून दमते. मग ती जेवताना ताटावर पेंगायला लागली. शाळेच्या बुटांची नाडी बांधताना भिंतीला टेकून डोळे मिटायची. दोन खोल्यांत वादळ घालणारी पोरगी खुर्चीवर ठेवली तिथंच बसायची. ताप नाही, खोकला नाही.

"ही भिंगरी नाहीये रे," बायको म्हणाली. "मला भीती वाटतेय."

डॉक्टरनं तपासलं. तोच डॉक्टर. तिचे इवलेसे खांदे चाचपताना त्याच्या कपाळाला आठी पडली. "हिला कसरतीच्या वर्गाला घालता का?"

मला दाजींचे खांदे आठवले. आठवायचं नव्हतं, पण आठवले. मी स्वतःला सांगितलं, चिन्ह तू बदललंस, रेघा तू बघितल्यास. आता तिथं कुणाची गरज नाही.

दुपारी दाजी आले, तिच्यासाठी चावीची बदकं घेऊन. ती झोपली होती. ते तिच्या पायाशी बसले, आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून दुसराच विषय काढला.

"बरं का रे, तुझं ते काम करून टाकलं मी."

"कसलं?"

"वायरींचं. तुझ्या ताईनं सांगितलं मला. माझ्या हातून असं कसं झालं, कुणास ठाऊक. तुला सांगायचं म्हणजे लाज वाटली. मी आपला बरा झाल्या झाल्या तिकडं गेलो, डबा उघडला, लाल तिथं लाल, काळी तिथं काळी. फस्क्लास."

मी खुर्चीवरून उठलो. वायरी उलट्या होत्या म्हणून मी चिन्ह उलटं केलं होतं. आता त्यांनी वायरी सुलट केल्या होत्या. दोन उणे. खांब परत खिडकीकडे ढकलला जात होता.

"काय झालं रे?" दाजी म्हणाले.

मी भिंगरीचा हात उलटा केला. तळवा निबर होता. नखांत सायीचा रंग.

मी चपला न घालताच धावलो.

दालनात पोरं निजली होती. ताई दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी काही न बोलता खांबाच्या खिडकीकडल्या बाजूला गेलो. वरचे पट्टे मी बदल केला त्याच दिवशी रंगवले होते, ते तसेच होते. खाली, माझ्या मांडीच्या उंचीवर, नवीन रंग उडाला होता. एकावर एक, दोन. लहान.

"ताई, पोरं बाहेर."

या वेळी तिनं विचारलं नाही.

बाइंडरला खाली आणायला, सगळी पोरं बाहेर पडेपर्यंत थांबायलाही वेळ नव्हता. लॅपटॉप लावला. चिन्ह काढलं. कळ दाबली.

बोटं मोडल्यासारखा आवाज.

मी वाट बघत उभा राहिलो. वर कटरचा दणका बसला. फोन वाजला.

"उठली रे!" बायको हसत होती, रडत होती. "खाली उतरून बदकांच्या मागे पळतेय. अंडं खायचंय म्हणते."

मी लॅपटॉप मिटला.

"पण काहीतरीच विचारतेय," बायको म्हणाली. "सारखं तेच. 'आता कुणाची पाळी?' म्हणते. काय सांगू?"

मी दाराकडे पाहिलं. ताई मागे चालली होती, खांद्यावर एक पोर, हाताला दुसरं. बाकीची डोळे चोळत तिच्यामागून, एकमेकांचे सदरे धरून.

"माझी," मी म्हणालो. "तिला सांग, आता बाबाची पाळी."

"कसली पाळी?"

"सांग तर खरं."

पलीकडे बायकोनं सांगितलेलं मला ऐकू आलं. मग भिंगरीचा आवाज, लांबून, अगदी समाधानाचा. "बरं."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. मी त्याला हलू दिलं नाही. टेकू लागले, जॅकवर भार घेतला, आणि माझी नळी बाहेर आली. करवतीनं तिचे तुकडे करून मी स्वतः भंगारात टाकले. चकत्या फोडल्या, डबा फोडला. तिथं आता विटांचा खांब आहे, पहिल्यापेक्षा जाड. ताई कुरकुरते, पण दोन ठिकाणी आरसे लावून भागवते. दाजी मजेत आहेत. या गोष्टीला आता बरेच महिने झाले.

हिशेबानं सगळं संपायला हवं. जी धरायची ती वस्तूच उरलेली नाही. तरी मला दिवसभर खुर्चीवरून उठवत नाही. डॉक्टरनं माझे खांदे चाचपून काही विचारलं नाही, नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मी काय धरून उभा आहे? मला खरंच कळत नाही. सोडून बघावं, असं कितीदा वाटतं. मग घरातली माणसं दिसतात, आणि हिंमत होत नाही.

भिंगरी शाळेतून आली की दप्तर टाकते, खुर्चीपाशी येते, माझे दोन्ही तळवे उघडून नीट बघते, आणि मग खेळायला जाते.